तिला न आठवणारी फायनल

तिनं मला म्हटलेलं पहिलं वाक्य होतं, "तू वाकडी बसतेस."

मी गाडीत बसले होते. माउंट रॉस्किलमधल्या आमच्या भाड्याच्या घरापासून चार वळणांवर एका चर्चच्या मागे कम्युनिटी हॉल आहे. माझी मुलगी मैत्री तेव्हा अकरा वर्षांची होती आणि दर मंगळवारी संध्याकाळी तिथं तायक्वांदो शिकायला जायची. तो तास मी पार्किंगमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं उरलेलं काम उरकत काढायचे. त्या दिवशी काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच, हडकुळी, तांबड्या केसांची बाई उभी होती. अंगात तायक्वांदोचा पांढरा पोशाख, पाय अनवाणी. जुलै महिना, म्हणजे इथे न्यूझीलंडमध्ये ऐन हिवाळा, आणि वरून रिपरिप चाललेली.

"सॉरी," मी काच खाली करत म्हणाले. गाडी चुकीच्या जागी लावली असणार असं मला वाटलं.

"तू वाकडी बसतेस. सगळा भार डाव्या बाजूला टाकतेस. तीन आठवडे बघतेय मी. आणि सॉरी कशाबद्दल?"

"मी मुलीला न्यायला आलेय..."

"मुलगी आत आहे. तू बाहेर का?"

मी लॅपटॉप मिटला. अडतिसाव्या वर्षी, ऑफिसच्या पँटमध्ये, मोजे काढून मी मॅटवर जाऊन उभी राहिले. मैत्रीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "आई, प्लीज डोन्ट," एवढंच ती म्हणाली. पण मी केलं. पुढे चार वर्षं करत राहिले.

आम्ही तिला नुसतं कोच म्हणायचो. कोरियन भाषेतली मानाची संबोधनं तिला चालत नसत. इंग्रजीत सगळेच 'यू', त्यामुळे बोलताना अडचण नव्हती. पण मनातल्या मनात मी तिला आधी 'त्या' म्हणायचे. त्या कधी 'ती' झाल्या ते मला कळलं नाही. बहुतेक तिनं माझ्या डब्यातला हिरव्या मिरचीचा ठेचा टोस्टवर लोण्यासारखा जाड थापून खाल्ला, त्या दिवशी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं आणि ती म्हणत होती, "गुड. व्हेरी गुड. याची नुसती सवय नाही लागायची, याचा धर्मच होईल."

ती वेल्सची. "इंग्लंडची का?" असं कुणी विचारलं की ती उत्तर न देता त्या माणसाला वीस जोर काढायला लावायची, मग तो पोस्टमन का असेना. इथला एक मेंढ्यांची लोकर कापणारा गडी उन्हाळ्याच्या कामाला वेल्सला गेला होता, त्याच्याशी लग्न करून ती न्यूझीलंडला आली. लग्न टिकलं नाही. "मेंढ्यांचा एक देश सोडून मेंढ्यांच्या दुसऱ्या देशात आले, आणि मेंढ्याच कापणाऱ्यानं मला सोडलं," असं ती सांगायची, आणि स्वतःच इतकं हसायची की आपल्याला हसायला जागा उरत नसे. दिवसा ती हिल्सबरोच्या एका रोपवाटिकेत रोपं कुंड्यांत लावायचं काम करायची. नखांतली माती कधी पूर्ण जायची नाही.

ती एकेकाळी युरोपातली मोठी खेळाडू होती हे मला वर्षभर ठाऊकच नव्हतं. हॉलमध्ये तिचा एकही फोटो नव्हता. पालकांतल्या कुणीतरी फोनवर शोधून काढलं आणि ते सगळ्यांना कळलं. ती ब्रिटनच्या संघातून खेळली होती, युरोपियन चॅम्पियनशिपचं सुवर्णपदक तिच्याकडे होतं. मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "असं म्हणतात खरं." मला वाटलं, विनय आहे.

तिच्या वर्गात सॉरी म्हणायला बंदी होती. एका सॉरीला दहा किका. पहिल्या महिन्यात माझ्या एवढ्या किका झाल्या की जिना चढताना पाय थरथरायचे. पॅड हातातून निसटला, सॉरी. कुणाला धक्का लागला, सॉरी. तिनं नाव पुकारलं, तरी सॉरी. "तू या देशात राहायला आलीस, की माफी मागायला?" तिनं एकदा विचारलं. मी हेन्डरसनला इंजिनिअर आहे, पावसाच्या पाण्याचा निचरा करणाऱ्या पाइपलाइनी आखते. एकदा मीटिंगमध्ये एका सहकाऱ्यानं माझं बोलणं मध्येच तोडलं. माझ्या तोंडात सॉरी तयारच होतं. पण मांड्या आपोआप आवळल्या आणि मी म्हणाले, "माझं अजून संपलेलं नाही." मग मी माझं संपवलं. मंगळवारी तिला हे सांगितल्यावर तिनं सगळा वर्ग थांबवला आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. शाळकरी मुलांपासून साठीच्या सामोअन बाईपर्यंत सगळ्यांनी वाजवल्या. मैत्री तेवढी छताकडे बघत होती.

वाकण्याची गोष्ट मात्र वेगळी. वर्ग सुरू होताना आणि संपताना एकमेकांसमोर उभं राहून कमरेतून वाकायचं असतं. मला ते जमेना. म्हणजे कंबर वाकत होती, मीच वाकत नव्हते. माझे आजोबा वाशीमजवळच्या खेड्यात आयुष्यभर वाकून जगले. बाबा लाइनमन झाले, आणि त्यांनी आम्हा भावंडांना एकच गोष्ट लहानपणापासून बजावली: बुद्धमूर्तीसमोर सोडलं तर कुठंही मान खाली घालायची नाही. मी नुसती मान हलवून वेळ मारून न्यायचे. तिच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. एक दिवस वर्ग संपल्यावर तिनं मला थांबवून घेतलं. मी बाबांचं सगळं सांगितलं. एवढं सविस्तर मी इथल्या कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

ती मॅटवर मांडी घालून ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या पणजीच्या आईच्या शाळेत वेल्श बोललं की मुलांच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छड्या."

गळ्यात अडकवलेल्या वस्तूंबद्दल आमच्या घरात मला कुणी नव्यानं काही शिकवण्याची गरज नव्हती.

"म्हणून मीही कुणापुढे वाकत नाही," ती म्हणाली. "हे वाकणं तसलं नाही. नीट बघ. आधी मी वाकते की तू?"

"दोघी."

"एकदम?"

"एकदम."

"मग खाली कोण राहिलं?"

त्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो आणि वाकलो. पुढच्या रविवारी फोनवर मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग." मी सांगितला. तिनं माझ्या फोनसमोर उभं राहून, फोन बंद असताना, वाकून तो परत केला.

माणसं तिच्या लक्षात राहायची नाहीत. पाय राहायचे. मॅटच्या कडेला ती चिकटपट्टीवर प्रत्येकाचं नाव लिहून चिकटवायची, आम्हाला वाटायचं शिस्तीसाठी. एकदा सुपरमार्केटमध्ये मी तिला समोरून, इथल्या माओरी नमस्काराच्या पद्धतीनं, "किया ओरा, कोच!" म्हणून हाक मारली, तर ती अनोळखी माणसाकडे हसावं तसं हसून पुढे गेली. मी गमबूट घातले होते. आठवड्याभरानं त्याच दुकानात मी जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांमध्ये होते, तर मागून ओरडली, "अगं, मंगळवार! उजवा अंगठा बाहेर!" आजूबाजूचे लोक माझ्या अंगठ्याकडे बघायला लागले. ती लोकांच्या पायांवरून त्यांचं मनही ओळखायची, निदान तसा तिचा दावा होता. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याच्या बुटांकडे बघून म्हणाली, "हा माणूस भांडण झालं की बागेत जातो." संदीपला आजही वाटतं, हे तिला मीच आधी सांगितलं असणार. मी सांगितलं नव्हतं.

शिकवताना ती कोरियनमध्ये मोजायची, इंग्रजीत समजवायची आणि घाई झालेली दिसली की वेल्शमध्ये ओरडायची. "अराव! अराव!" म्हणजे हळू. तिच्या देशात हा शब्द रस्त्यांवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलेला असतो म्हणे. "किक जोरात नको, खरी हवी," असं तिचं म्हणणं. हल्ली स्पर्धांमध्ये छातीच्या चिलखतात आणि मोज्यांत सेन्सर असतात, लाथ लागली की मशीन गुण देतं. तिला त्याचा मनस्वी राग. "खेळ आम्ही खेळायचा आणि निकाल मोज्याला विचारायचा!" आणि एखादी किक मनासारखी बसली की अगदी हलक्या आवाजात, "दा याउन." छान. हे 'दा याउन' माझ्या वाट्याला चार वर्षांत सहा वेळा आलं. मैत्रीच्या वाट्याला दर आठवड्याला.

मैत्री चांगली होती. मी आई म्हणून सांगत नाही, मला स्वतःला हे मान्य करायला वेळ लागला. घरी मराठीत काही विचारलं की "आय डोन्ट नो" म्हणून खोलीत जाणारी ही मुलगी मॅटवर उतरली की तिच्यात दुसरंच कुणीतरी यायचं. चौदाव्या वर्षी ती हेन्डरसनला झालेल्या एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचली. जिंकली तर ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या ज्युनिअर संघात जागा मिळणार होती. स्टँडमध्ये मी, संदीप, आणि मंगळवारचा निम्मा वर्ग. मैत्री पुढे होती, चांगली चार गुणांनी. तिसरी फेरी चालू होती. समोरच्या मुलीची एक किक तिच्या डोक्याला बसली. मोठी नव्हती. हेल्मेट होतं. मैत्री डगमगली, सावरली, पंचांकडे बघून मान डोलावली. डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, काही प्रश्न विचारले, अंगठा वर केला.

पंच खेळ पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात कोचनं खांद्यावरचा टॉवेल मॅटवर फेकला.

टॉवेल फेकला की संपलं. सामना सोडला.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मैत्रीनं हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं आणि किंचाळली, "व्हाय? आय वॉज विनिंग!" मी पायऱ्या उतरून धावत गेले. त्या दिवशी मी तिला वाकून भेटले नाही.

"डॉक्टर ठीक म्हणाले ना?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"डॉक्टरनं डोळे बघितले. मी पाय बघितले. ही कायम उजवा पाय मागे ठेवते. सावरल्यावर डावा ठेवला, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून."

दुसऱ्या दिवशी आम्ही मैत्रीला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की काही दिसत नाही, तरी आठवडाभर विश्रांती घ्या. "सी?" मैत्री म्हणाली. त्या 'सी?'मध्ये तिची ऑस्ट्रेलिया होती, तीन वर्षं होती. तिनं डोबोक, म्हणजे तो पांढरा पोशाख, कपाटाच्या तळाशी कोंबला आणि वर्गाला जाणं बंद केलं. कोच बरोबर होती की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. डावा पाय मागे गेला होता एवढं खरं, व्हिडिओत दिसतं. त्याचा अर्थ काय होता, ते कुणालाच कधी कळणार नाही.

दोन आठवड्यांनी मी हिल्सबरोला तिच्या रोपवाटिकेत गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. ती रोझमेरीची रोपं कुंड्यांत भरत होती. मी मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलले. माझ्या मुलीला तू विचारायला हवं होतंस, आम्हाला विचारायला हवं होतंस. ती माती दाबत ऐकत राहिली. मग तिनं मला पालथ्या बादलीवर बसवलं.

"युरोपच्या फायनलमध्ये मला दुसऱ्या फेरीत डोक्याला किक बसली," ती म्हणाली. "तेवढं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं हॉटेल. उशाजवळच्या टेबलावर सुवर्णपदक होतं. मला वाटलं, रूममेटचं आहे. मी तिचं अभिनंदन केलं."

मी हसले. मग तिच्याकडे बघून थांबले.

"तीही हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय. म्हणून मग मीही गंमत केल्यासारखं केलं. कुणाला सांगितलं नाही. ऑलिम्पिकसाठीची निवड जवळ आली होती. सहा महिने जिना उतरताना भिंत धरायला लागायची, पण निवडीच्या सामन्यांना गेले. पहिल्याच फेरीत हरले. सत्तावीस वर्षांची होते. आठव्या वर्षी आमच्या गावच्या चर्चच्या हॉलमध्ये सुरू केलं होतं. बाबा स्कूल बस चालवायचे, दर शनिवारी त्या रिकाम्या बसमधून मला स्पर्धेला न्यायचे. आईनं प्रत्येक पोशाखाच्या आतल्या बाजूला वेल्सचा लाल ड्रॅगन शिवलेला असायचा, वर ब्रिटन लिहिलेलं असलं तरी. एकोणीस वर्षं. आणि ज्या दहा मिनिटांसाठी ती एकोणीस वर्षं होती, ती दहा मिनिटं माझ्याकडे नाहीत. लोक सांगतात, छान खेळलीस."

"आणि माणसं?" मी विचारलं. मला एकदम सगळं उलगडत होतं.

"तेव्हापासून चेहरे राहत नाहीत. लोक केस कापतात, चष्मे लावतात. पाय बरे असतात." तिनं एक कुंडी उचलून माझ्या हातात दिली. "तुझ्या मुलीला मी विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती?"

"खेळते म्हणाली असती."

"मलाही विचारलं होतं म्हणे. मीही तेच म्हणाले."

घरी येऊन मी हे मैत्रीला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दॅट्स सॅड. बट आय वॉज फाइन, आई." आणि ते खोटं होतं असंही मला म्हणता येईना. ती वर्गाला गेली नाहीच.

गेल्या हिवाळ्यात कोच वेल्सला परत गेली. आईला आता एकटं राहणं जमत नव्हतं. मोठ्यांचा वर्ग मी आणि सामोअन मावशी मिळून चालवतो. सॉरीला आम्ही पाचच किका ठेवल्यात, आमचे गुडघे बघून. मधून कधीतरी ती फोन करते, तिकडची सकाळ असते, आणि फोनवर पाय दिसत नाहीत म्हणून आधी विचारते, "तू कोण?" मग मी सांगते.

ती जाण्याआधीचा एक रविवार सांगायचा राहिला.

तिच्या भावाला आईच्या माळ्यावर एक जुनी कॅसेट सापडली होती. त्या फायनलची. त्यानं तिचा व्हिडिओ करून तिला पाठवला होता. महिनाभर तिनं तो उघडला नव्हता. मग मला फोन केला, "तुझ्याकडे मोठा टीव्ही आहे ना?"

दुपारची जेवणं झाल्यावर ती आली. संदीप बागेत गेला. मी चहा ठेवला. मैत्री खोलीतून बाहेर येणार नाही असं मी धरून चालले होते, पण ती आली, कोचकडे न बघता सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि रिमोट हातात घेतला. टीव्हीला फोन जोडणं आम्हा दोघींना जमत नव्हतं, हेही एक कारण असेल.

चित्र पुसट होतं, आवाज खरखरीत. तांबड्या केसांची एक मुलगी मॅटवर उतरली. किती हलकी होती! आमच्या सोफ्यावरची बाई पुढे सरकून, गुडघ्यांवर कोपरं ठेवून, परक्या मुलीचा खेळ बघावा तशी बघत होती. "गार्ड खाली आहे हिचा," ती म्हणाली. "पण वेग बरा आहे."

दुसऱ्या फेरीत ती किक आली. मुलगी गुडघ्यावर बसली. पंचानं आकडे मोजले. ती उठली. फेरी संपली, ती तिच्या कोपऱ्यात गेली. तिथल्या म्हाताऱ्या माणसानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, काहीतरी विचारलं. तिनं मान डोलावली. त्यानं तिला पाठीवर थाप मारून परत पाठवलं.

मैत्रीनं चित्र थांबवलं.

"तो कोण?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"माझे कोच. जगातला सगळ्यांत चांगला माणूस," ती म्हणाली. "माझ्या बाबांनंतर."

"ही डिडन्ट सी?"

"पाहिलं असेल. मी जिंकत होते."

मैत्रीनं पहिल्यांदा कोचकडे मान वळवली. "डू यू वॉन्ट मी टू स्टॉप इट? पुढचं नाही बघितलं तरी चालेल."

"नाही, लाव. मी जिंकते असं ऐकलंय."

मैत्रीला हसू आलं. तिनं लावलं. ती शेवटची फेरी मी कशी वर्णन करू? मुलगी पडत नव्हती एवढंच. पाय आपल्या आपण चालत होते. तिनं किती लाथा मारल्या, किती खाल्ल्या, मला मोजता आलं नाही. शेवटी घंटा झाली आणि पंचानं तिचा हात धरून वर केला. लोक उभे राहिले. ती मुलगी लोकांकडे बघत नव्हती. वर गेलेल्या आपल्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"पुन्हा," कोच म्हणाली. "फक्त शेवट."

मैत्रीनं मागे नेलं. पुन्हा घंटा, पुन्हा हात वर. "पुन्हा." चहावर साय धरली होती. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बरं. म्हणजे झालं होतं ते."

चौथ्यांदा तिनं सांगितलं नव्हतं. मैत्रीनं आपणहून लावलं, आणि सोफ्याचं ते टोक सोडून तिच्याजवळ सरकली. पडद्यावर हात वर गेला तशी कोच उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मोठ्या, मोकळ्या, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासारख्या. मग मैत्री उठली. मग मी.